'हँगिंग जज' आयझॅक पार्कर: एका फौजदारी वकिलाचं उत्तर

प्रश्न असा आहे: अमेरिकेतले एकोणिसाव्या शतकातले फेडरल न्यायाधीश आयझॅक पार्कर यांना 'हँगिंग जज' म्हणतात. त्यांनी खरंच किती जणांना फासावर चढवलं? हा माणूस मुळात क्रूर होता, की त्या मुलखाने त्यांना तसं केलं?

मी सत्र न्यायालयात फौजदारी कामं चालवतो, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. त्यामुळे हे उत्तर बचावाच्या बाकावरून दिलेलं आहे, हे लक्षात ठेवूनच वाचा. आकडा आधी सांगतो. पार्कर यांनी २१ वर्षांत १६० जणांना फाशीची शिक्षा सुनावली आणि त्यातल्या ७९ जणांना प्रत्यक्ष फाशी झाली. पण माझ्या मते या न्यायाधीशाची खरी गोष्ट त्या आकड्यात नाही. पहिली चौदा वर्षं त्यांच्या डोक्यावर अपिलाचं कोर्टच नव्हतं, आणि ते आल्यावर ज्यूरीला त्यांनी केलेली भाषणं एकामागून एक तपासली गेली. पार्कर कळायचे असतील तर तिथेच पाहावं लागतं.

आधी माणूस पाहू. जन्म १५ ऑक्टोबर १८३८, ओहायो राज्यातल्या बेलमाँट काउंटीत, शेतकऱ्याच्या घरात. १८५९ मध्ये वकिलीची सनद मिळाली आणि त्याच वर्षी ते मिसूरी राज्यात सेंट जोसेफ गावी आले. तिथे मामाच्या वकिली कचेरीत कामाला सुरुवात केली. १८६१ मध्ये मेरी ओटूल हिच्याशी लग्न झालं, त्याच वर्षी ते गावाचे सरकारी वकील म्हणून निवडून आले. तेव्हा ते डेमोक्रॅट होते. यादवी युद्ध पेटलं तसे ते युनियनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांच्या, बाजूला आणि मग रिपब्लिकन पक्षात गेले. १८६४ मध्ये लिंकन यांच्या बाजूने मत देणाऱ्या निर्वाचकांत त्यांचं नाव होतं. १८६८ मध्ये ते राज्याच्या सर्किट कोर्टाचे न्यायाधीश झाले, आणि १८७० ची निवडणूक जिंकून दोन मुदती, म्हणजे १८७१ ते १८७५, वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहात बसले. तिथे टेरिटरी भागांत, म्हणजे अजून राज्याचा दर्जा न मिळालेल्या प्रदेशांत, स्त्रियांना मतदानाचा आणि पदं भूषवण्याचा हक्क द्यावा, असं विधेयक त्यांनी मांडलं. ते मंजूर झालं नाही, पण 'हँगिंग जज' हा शिक्का एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांनी याची नोंद घ्यावी. मूळ अमेरिकी जमातींच्या प्रश्नांत त्यांना रस होता आणि त्या विषयावर ते सभागृहात बोलत.

१८७४ पर्यंत मिसूरीत पक्षाचं वारं फिरलं. पुढे निवडून येण्याची आशा उरली नाही. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी त्यांना यूटा टेरिटरीचे मुख्य न्यायाधीश म्हणून नेमायचं ठरवलं होतं, पण पार्कर यांनी आर्कान्साच्या पश्चिम जिल्ह्याची जागा मागून घेतली. मार्च १८७५ मध्ये नेमणूक होऊन सिनेटची मंजुरी मिळाली. ४ मे रोजी ते त्या कोर्टाच्या गावी, फोर्ट स्मिथला उतरले आणि १० मे रोजी कोर्ट सुरू केलं. वय ३६.

ती जागा कोणी आनंदाने मागावी अशी नव्हती. आधीचे न्यायाधीश विल्यम स्टोरी लाचखोरीच्या आरोपांमुळे, महाभियोगाची टांगती तलवार डोक्यावर असताना, राजीनामा देऊन गेले होते. कोर्टाची अब्रू गेली होती. त्यात हद्द पाहा. आर्कान्साचे पश्चिमेकडचे काउंटी, आणि नदीपलीकडे अख्खी इंडियन टेरिटरी, म्हणजे आजच्या ओक्लाहोमा राज्याचा मोठा भाग. मिळून सुमारे ७४,००० चौरस मैल. आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ तीन पंचमांश, आणि एक न्यायाधीश.

इंडियन टेरिटरीची कायदेशीर स्थिती समजल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो. चेरोकी, चोक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल या पाच राष्ट्रांना पूर्वेकडच्या त्यांच्या भूमीतून हाकलून इथे आणलेलं होतं. त्यांची स्वतःची कोर्टं होती, स्वतःचे शिपाई होते. जमातीतल्या माणसाने जमातीतल्याच माणसाचा गुन्हा केला तर खटला त्यांच्या कोर्टात चाले. पण गुन्ह्यात एका बाजूला जरी अमेरिकेचा नागरिक असला, तरी जमातीच्या कोर्टाला त्याला हात लावता येत नसे. तो खटला थेट फोर्ट स्मिथला. परिणाम काय झाला असेल ते फौजदारी कोर्टात वावरलेल्या कोणालाही लगेच कळेल. टेक्सास, मिसूरी, कॅन्सस इथून पळालेले गुन्हेगार त्या टापूत येऊन राहिले, कारण तिथे त्यांना धरणारं जवळपास कोणी नव्हतं. सर्वांत जास्त सोसलं ते तिथल्या मूळ रहिवाशांनी. पार्कर यांना याची जाणीव होती. टेरिटरीच्या जमिनीत घुसखोरी करून वसाहत मांडू पाहणाऱ्या डेव्हिड पेन या पुढाऱ्याला त्यांच्या कोर्टाने १८८१ मध्ये एक हजार डॉलर दंड केला. पेनच्या नावावर मालमत्ताच नव्हती, दंड वसूल झाला नाही, घुसखोरी चालूच राहिली. तरी फिर्यादी पक्ष बलाढ्य असो वा नसो, जमातींशी झालेला तह मोडू द्यायचा नाही, ही त्यांची भूमिका त्यातून दिसते.

आरोपींना पकडून आणायचं काम डेप्युटी मार्शलांचं, म्हणजे फेडरल कोर्टाच्या अंमलदारांचं. त्यांना पगार नव्हता. वॉरंट बजावायला जाताना मैलाला सहा सेंट, अटकेमागे दोन डॉलर, असा हिशेब. त्यातलाही हिस्सा वरच्या मार्शलकडे जाई. पकडताना आरोपी मेला तर पैसे बुडाले, वर अनेकदा दफनाचा खर्च अंगावर. हातात वॉरंटांची चळत, सोबत एक गाडी, एक स्वयंपाकी, एखाद-दोन मदतनीस, अशा फेऱ्या आठवडेच्या आठवडे चालत. पार्कर यांच्या कारकिर्दीत साठाहून अधिक डेप्युटी कामावर असताना मारले गेले. यांतले बॅस रीव्ह्ज आज सर्वांत प्रसिद्ध आहेत. गुलामगिरीत जन्मलेला कृष्णवर्णीय माणूस, लिहिता-वाचता येत नसे, वॉरंटं दुसऱ्याकडून वाचून घेऊन पाठ करत. त्यांच्यावरच एकदा खुनाचा खटला झाला. १८८४ मध्ये त्यांच्या तळावरचा स्वयंपाकी त्यांच्या बंदुकीच्या गोळीने मेला होता. काडतूस अडकलं होतं, काढताना गोळी सुटली, असा बचाव होता. १८८७ मध्ये पार्कर यांच्याच कोर्टात ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. स्वतःच्या कोर्टाच्या सर्वांत कर्तबगार अंमलदारावर खुनाचा खटला उभा राहिला आणि तो इतरांसारखाच ज्यूरीसमोर चालला, याला मी महत्त्व देतो.

आता पहिलं सत्र. १८७५ च्या उन्हाळ्यात अठरा जणांवर खुनाचे खटले चालले, पंधरा दोषी ठरले, आठ जणांना फाशी सुनावली गेली. एक पळून जाताना मारला गेला, एकाच्या कोवळ्या वयामुळे राष्ट्राध्यक्षांनी शिक्षा सौम्य केली. उरलेले सहा जण ३ सप्टेंबर १८७५ रोजी एकाच वधस्तंभावर, एकाच वेळी फासावर गेले. तीन गोरे, दोन चेरोकी रक्ताचे, एक कृष्णवर्णीय. पाहायला हजारोंची गर्दी होती आणि पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांचे वार्ताहरही. न्यूयॉर्क, बोस्टनचे वाचक हादरले. 'हँगिंग जज' या नावाचं मूळ त्या एका सकाळीत आहे. पुढची एकवीस वर्षं त्यांनी काहीही केलं असतं तरी ते नाव पुसलं जाणं अवघड होतं.

आकडा नीट तपासायला हवा. कोर्टापुढे त्या काळात सुमारे १३,४९० प्रकरणं आली. त्यात फाशीयोग्य गुन्ह्यांची ३४४. त्यातून १६० जणांना फाशीची शिक्षा, १५६ पुरुष आणि ४ स्त्रिया. स्त्रियांपैकी एकीलाही फाशी झाली नाही. बहुतेक कामं होती ती टेरिटरीत दारू नेणं, घोडे चोरणं, मारामाऱ्या, सरकारी लाकूड तोडणं अशी. बेल स्टार या बाईचं नाव हॉलीवूडने खूप मोठं केलं. तिला १८८३ मध्ये पार्कर यांनी घोडेचोरीसाठी डेट्रॉइटच्या सुधारगृहात पाठवलं होतं, सहा-सहा महिन्यांच्या दोन शिक्षा.

आणि एक गोष्ट जी फाशीच्या चर्चेत बहुतेक लोक विसरतात: त्या काळच्या फेडरल कायद्यात खुनाला आणि बलात्काराला फाशी ही एकच शिक्षा होती. ज्यूरीने दोषी म्हटलं की न्यायाधीशाच्या हातात जन्मठेपेचा पर्यायच नव्हता. 'फाशीची शिक्षा नको' असं ज्यूरीला म्हणता येईल ही तरतूद काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, जानेवारी १८९७ मध्ये केली, पार्कर गेल्यानंतर दोन महिन्यांनी. म्हणजे १६० हा आकडा न्यायाधीशाच्या मर्जीचा नाही. तो कायद्याचा आणि ज्यूरीच्या निकालांचा आहे. इतपत बचाव मी त्यांचा मनापासून करतो.

पण ज्यूरीचे निकाल आपोआप लागत नाहीत, आणि इथून पुढे माझी बाजू बदलते.

पार्कर यांच्या कोर्टाला जिल्हा न्यायालयाचे आणि त्याच्या वरच्या सर्किट न्यायालयाचे असे दोन्ही अधिकार होते. १८८९ पर्यंत फाशीच्या निकालावर अपील करण्याची सोयच नव्हती. आरोपीला एकच दार उघडं: वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांकडे दयेचा अर्ज. आपल्या इथल्या वाचकांना याचं गांभीर्य पटकन कळावं म्हणून सांगतो. त्याच १८७५ साली पुण्याच्या किंवा ठाण्याच्या सत्र न्यायाधीशाने फाशी सुनावली, तर मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अंमलात आणता येत नसे. परक्या सरकारने आपल्या ताब्यातल्या मुलखासाठी केलेल्या फौजदारी संहितेतही ही अट होती. पुढे १८९८ च्या संहितेत ती कलम ३७४ झाली, १९७३ च्या संहितेत कलम ३६६, आणि आजच्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४०७. आरोपीने अपील केलं नाही तरी फाइल वर जाते, दोन न्यायमूर्ती पुरावा पहिल्यापासून वाचतात. पार्कर यांच्या कोर्टातल्या आरोपीला स्वतःहून मागूनही ते मिळत नव्हतं. ज्या कोर्टाने दोषी ठरवलं त्याच कोर्टाने तारीख ठरवायची, आणि त्याच आवारात दोर. वकिली करणाऱ्या माणसाला यापेक्षा भयंकर व्यवस्था सुचणार नाही, मग बाकावर कितीही सचोटीचा न्यायाधीश असो.

पार्कर सचोटीचे होतेच. पैशाचा एकही डाग त्यांच्यावर नाही. आठवड्यातले सहा दिवस, सकाळपासून काही वेळा दिवे लागल्यानंतरपर्यंत त्यांचं कोर्ट चाले. गावात ते शाळा मंडळावर होते आणि जुन्या लष्करी आवारातली जमीन सार्वजनिक शाळांना मिळावी म्हणून त्यांनी खटपट केली. त्यांच्याच कोर्टाखालचा तुरुंग मात्र भयानक होता. जुन्या बराकीचं तळघर, बुटकं छत, दगडी जमीन, हवा नाही, खुनाचा आरोपी आणि दारूच्या बाटलीसाठी पकडलेला पोरगा एकाच खोलीत. १८८५ मध्ये सिनेटर हेन्री डॉज यांची मुलगी ॲना डॉज हिने तो पाहिला आणि पुढच्या वर्षी त्यावर लिहिलं, तेव्हा कुठे पैसे मंजूर झाले. नवा तुरुंग १८८८ मध्ये सुरू झाला. वरच्या मजल्यावर तेरा वर्षं न्याय चालला होता आणि खाली ते तळघर होतं. पैसा काँग्रेसने द्यायचा होता हे खरं, पण ही गोष्ट कारकिर्दीच्या हिशेबातून वगळता येत नाही.

६ फेब्रुवारी १८८९ च्या कायद्याने फाशीच्या निकालांवर थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येऊ लागली, आणि १८९१ च्या कायद्याने इतर गंभीर गुन्ह्यांनाही ती वाट मिळाली. फोर्ट स्मिथच्या वकिलांनी ती भरभरून वापरली. सुमारे चव्वेचाळीस प्रकरणं वर गेली, त्यातल्या साधारण तीस निकालांत सर्वोच्च न्यायालयाने पार्कर यांचा निकाल उलटवला. दोन तृतीयांशांच्या वर. कुठल्याही न्यायाधीशासाठी हा आकडा फाशीच्या आकड्यापेक्षा जास्त बोलका आहे. फेरसुनावणीत अनेक जण सुटले किंवा कमी शिक्षेवर निभावले. आता विचार करा: १८८९ च्या आधीच्या चौदा वर्षांतही ज्यूरीसमोर याच पद्धतीची भाषणं झाली होती. ती कोणी तपासलीच नाहीत.

चुकत होतं काय? पुरावा सहसा ठीक असे. चुकत होतं ते पार्कर यांनी ज्यूरीला केलेलं शेवटचं मार्गदर्शन. तिथल्या पद्धतीत साक्षी आणि युक्तिवाद संपले की न्यायाधीश ज्यूरीला कायदा समजावून सांगतो. पार्कर हे तासन्‌तास करत, आणि त्यात कायद्यापेक्षा प्रवचन जास्त असे. खून झालेल्याचं रक्त न्याय मागतंय, निष्पाप लोकांचं रक्षण तुमच्या हाती आहे, अशा सुरात. ज्यूरीतले बारा जण आर्कान्सातले शेतकरी, दुकानदार. चेरोकी, क्रीक आरोपी असला तरी ज्यूरी टेरिटरीतली नाही, नदीअलीकडची. त्यांच्यासमोर ज्यांना सारा जिल्हा मानतो असे न्यायाधीश आवाज चढवून बोलले, तर शंकेचा फायदा देण्याचं बळ किती जणांत उरेल? हेन्री स्टार या तरुण चेरोकीच्या अपिलात १८९४ साली सरन्यायाधीश मेल्विल फुलर यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. न्यायाधीशाच्या शब्दाला ज्यूरीपुढे मोठं वजन असतं, म्हणून त्याने भावना भडकवू नयेत, असा त्या निकालाचा रोख आहे.

दोन प्रकरणं जवळून दाखवतो.

पहिलं बेब बीअर्ड याचं. भांडण एका गाईचं. विल, जॉन आणि एडवर्ड जोन्स या तीन भावांचा दावा की आई गेल्यावर ती गाय एडवर्डच्या वाट्याला आली होती. बीअर्ड ती देईना. विल जोन्सने उघडपणे सांगितलं की गाय नेईन, नाहीतर म्हाताऱ्याला संपवीन. एके दिवशी भाऊ बीअर्डच्या शेतावर गेले. बीअर्ड गावाहून परतला, हातात बंदूक होती. घरापासून पन्नास-साठ यार्डांवर, स्वतःच्याच आवारात, समोर विल. विल डावा हात खिशात घालून चालून येऊ लागला. 'काय करायचं आहे तुला?' असं विचारल्यावर शिवी देऊन 'दाखवतो' म्हणाला आणि खिशातून काही काढणार अशी हालचाल केली. बीअर्डने बंदूक झाडली नाही, डोक्यात मारली. विल त्या घावाने मेला.

पार्कर यांनी ज्यूरीला सांगितलं की माणूस स्वतःच्या राहत्या घरात असेल तरच त्याला मागे हटावं लागत नाही. बाहेर असेल तर जमेल तितकं टाळण्याचं, मागे सरण्याचं कर्तव्य त्याच्यावर आहे. ज्यूरीने सदोष मनुष्यवध ठरवला, शिक्षा आठ वर्षं. १८९५ मध्ये न्यायमूर्ती जॉन हार्लन यांनी निकाल उलटवला. माणूस जिथे असण्याचा त्याला हक्क आहे तिथे उभा होता, हल्ला त्याने सुरू केला नव्हता, आपला जीव धोक्यात आहे असं त्याला रास्तपणे वाटलं, तर पाठ दाखवून पळण्याचं बंधन त्याच्यावर नाही. अमेरिकेत स्वसंरक्षणाच्या 'मागे हटू नका' परंपरेची मुळं शोधताना हा निकाल आजही काढला जातो.

या एका मुद्द्यावर मला पार्कर यांच्याबद्दल आदर वाटतो, कायदा त्यांच्या विरुद्ध गेला तरी. ज्या मुलखात प्रत्येकाच्या कंबरेला पिस्तूल, तिथे शक्य तोवर मागे हटा असं सांगणारा न्यायाधीश माणसाच्या जिवाला किंमत देत होता. त्या निकालानंतर सव्वाशे वर्षांत अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी हा हक्क इतका ताणला, की आज तिथले अनेक कायदेपंडित जुन्या मागे हटण्याच्या नियमाची आठवण काढतात.

दुसरा मुद्दा फरारीचा, आणि इथे मी पूर्णपणे सर्वोच्च न्यायालयाच्या बाजूचा आहे. आरोपी गुन्ह्यानंतर पळाला असेल तर पार्कर ज्यूरीला बायबलमधली ओळ ऐकवत: पाठीमागे कोणी नसतानाही दुष्ट पळतो, नीतिमान मात्र सिंहासारखा निर्भय असतो. अख्खी ज्यूरी चर्चला जाणारी. त्या ओळीनंतर आरोपीच्या वकिलाने काय बोलावं? सॅम हिकरी या चेरोकीच्या आणि पुढे अल्बर्टी नावाच्या आरोपीच्या अपिलात, दोन्ही १८९६ मध्ये, हे प्रश्न वर गेले. अल्बर्टीच्या निकालात न्यायमूर्ती हेन्री ब्राउन यांनी साफ सांगितलं की ही ओळ फौजदारी कायद्याचा सिद्धान्त नाही. निर्दोष माणूसही पळतो. आपल्यालाच धरतील या भीतीने पळतो, साक्षीला उभं राहावं लागेल म्हणून पळतो. पळणं ही पुराव्यातली एक बाब आहे, तिच्यावरून गुन्हा शाबीत होत नाही.

आपल्याकडच्या कोर्टात रोज हेच घडतं. दोषारोपपत्रात 'आरोपी फरार होता' हे वाक्य ठळकपणे येतं. ज्याला पोलीस चौकीत काय होतं ते ठाऊक आहे, तो गरीब माणूस नाव आल्याचं कळताच नातेवाइकाच्या गावी जातो, आणि ते जाणं त्याच्याविरुद्ध वापरलं जातं. त्याचा बचाव करताना आपल्याकडचे निकाल तर आहेतच, पण ब्राउन यांची ती काही वाक्यं मी अनेकदा मनात घोळवली आहेत. इंडियन टेरिटरीतल्या चेरोकी माणसाने गोऱ्या माणसांच्या कोर्टापासून पळावं, याला अपराधी मनाशिवाय दुसरी शेकडो कारणं असू शकत होती.

पार्कर यांना हे उलटणारे निकाल पचले नाहीत. सर्वोच्च न्यायालय तांत्रिक बाबींत अडकून खुन्यांना सोडतंय, अशी त्यांची धारणा झाली. हडसन नावाच्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी जामीन मंजूर केला, तर पार्कर यांनी तो स्वीकारायला नकार दिला. १८९५ मध्ये वरून त्यांच्या नावाने आज्ञापत्र काढावं लागलं. त्याच वर्षी क्रॉफर्ड गोल्ड्सबी उर्फ 'चेरोकी बिल' याचं प्रकरण पेटलं. दरोड्यात एका रंगकाम करणाऱ्याला गोळी घातल्याबद्दल या विशीच्या आतल्या पोराला फाशी झाली होती, जूनची तारीख लागली होती, अपिलामुळे ती थांबली. २६ जुलै रोजी त्याने तुरुंगात चोरून आणलेल्या पिस्तुलाने लॅरी कीटिंग या पहारेकऱ्याला ठार केलं. कीटिंग बायको-मुलं असलेला, जुना, सर्वांना हवासा माणूस. पार्कर यांनी वर्तमानपत्रांतून या मृत्यूचा दोष उघडपणे सर्वोच्च न्यायालयाच्या दिरंगाईवर ठेवला. त्यांचं दुःख खरं होतं. पण चेरोकी बिलचं अपील शेवटी फेटाळलंच गेलं, १७ मार्च १८९६ रोजी त्याला फाशी झाली. ज्या अपिलांनी इतर पंचवीस-तीस निकालांतल्या चुका दुरुस्त केल्या, तीच पद्धत एका पहारेकऱ्याच्या खुनासाठी जबाबदार धरणं हे न्यायाधीशाला शोभणारं नव्हतं. पिस्तूल आत आलं ते तुरुंगाच्या कारभारातल्या ढिलाईमुळे. पुढे तर न्याय खात्याच्या वरिष्ठ वकिलांशीही त्यांची जाहीर पत्रापत्री झाली.

हद्द तर आधीपासूनच कापली जात होती. १८८३ मध्ये टेरिटरीचा मोठा भाग कॅन्सस आणि टेक्सासच्या कोर्टांना दिला गेला, १८८९ मध्ये मस्कोगीला टेरिटरीचं स्वतःचं कोर्ट आलं. १८९५ च्या कायद्याने ठरवलं की १ सप्टेंबर १८९६ पासून फोर्ट स्मिथचा टेरिटरीवरचा अधिकार संपेल. ३० जुलै १८९६ रोजी तिथली शेवटची फाशी झाली. १ सप्टेंबरला पुकारा झाला तेव्हा पार्कर आजारी होते, घरी अंथरुणावर. त्या सुमारास सेंट लुईच्या वार्ताहर एडा पॅटरसन त्यांना भेटल्या. पार्कर त्यांना म्हणाले की मी कोणाला फाशी दिली नाही, ती कायद्याने दिली. आणि असंही म्हणाले की शिक्षा होणार याची खात्री असेल, तर फाशी रद्द करायला माझी हरकत नाही. गुन्ह्यामागून शिक्षा येईलच याची शाश्वती नसणं हा न्यायाचा खरा दुबळेपणा आहे. माझ्या वाचनात गुन्हेगारीवर कुठल्याही न्यायाधीशाने केलेलं हे सर्वांत खरं विधान आहे. शिक्षेच्या कडकपणापेक्षा तिची खात्री महत्त्वाची, हे फाशीच्या दोराशी आयुष्यभर संबंध आलेल्या माणसाने शेवटी सांगावं, याला वजन आहे. १७ नोव्हेंबर १८९६ रोजी ते गेले, वय ५८. फोर्ट स्मिथच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांची कबर आहे. जुनं कोर्ट, ते तळघर आणि नव्याने उभारलेला वधस्तंभ आज राष्ट्रीय उद्यान सेवेच्या देखरेखीखाली पाहायला मिळतो.

तेव्हा, क्रूर होते का? नाही. सचोटीचा, कष्टाळू, पीडितांच्या बाजूने मनापासून उभा राहणारा माणूस, ज्याला फार वर्षं कोणी 'तुम्ही चुकलात' असं सांगू शकलं नाही, आणि सांगितल्यावर ते ऐकण्याची सवय उरली नव्हती. आरोपीच्या दृष्टीने अशा न्यायाधीशाची भीती क्रूर न्यायाधीशापेक्षा कमी नसते.

एक प्रकरण मात्र त्यांच्या बाजूने सांगायचं राहिलं आहे. अलेक्झांडर ॲलन नावाचा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. १८९२ मध्ये चेरोकी भागात शेताच्या कुंपणापाशी गोऱ्या पोरांशी मारामारी झाली आणि त्याने सतरा-अठरा वर्षांच्या फिलिप हेन्सनला गोळी घातली. फाशी झाली, १८९३ मध्ये उलटली. पुन्हा खटला, पुन्हा फाशी, १८९५ मध्ये पुन्हा उलटली. तिसऱ्या खटल्यात ज्यूरीचं एकमत होईना, तेव्हा पार्कर यांनी त्यांना सांगितलं की बहुतेक जण दोषी म्हणत असतील, तर वेगळं मत असलेल्याने आपली शंका खरंच रास्त आहे का हे तपासून पाहावं. हे शब्द त्यांचे नव्हते, मॅसॅच्युसेट्सच्या एका जुन्या निकालातून जसेच्या तसे उचललेले होते. कदाचित म्हणूनच यावेळी ते टिकले. ७ डिसेंबर १८९६ रोजी, पार्कर गेल्यानंतर तीन आठवड्यांनी, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. ज्यूरी अडकली की अमेरिकेतल्या फेडरल न्यायालयांत ही सूचना आजही दिली जाते, 'ॲलन चार्ज' या नावाने. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ती बंद केली, कारण एकट्या पडलेल्या ज्यूररवर तिचा दबाव येतो. मी बचावाच्या बाजूचा माणूस असल्याने मला कॅलिफोर्नियाचं म्हणणं पटतं.